लाल दोरा

१ ऑगस्ट २०१७, मंगळवार. अमरावती

या माणसाने माझं नाव विचारलंच नाही!

"कुठची तू?" अकोटची, म्हटलं. "मंग बस तिकडे, अकोट." झालं. आता सहा महिने माझं नाव अकोट. बाजूच्या शेखरचं नाव तिवसा. अंजनगाव सुर्जीच्या दोघी आहेत, तर एक अंजनगाव आणि दुसरी सुर्जी. वर्ग आहे की एस.टी. स्टँडवरचा बोर्ड?

पंजाबराव सर म्हणतात याला. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात ब्रदर होता, आता आम्हाला शिकवणार. रुग्णवाहिकेत पेशंटजवळ बसणारा जो माणूस असतो, तो आम्ही होणार. सगळ्यात खालची पायरी. उंची पाच फूट, आवाज दहा फूट. पहिलंच वाक्य — "ज्याले डॉक्टर व्हाचं असन त्यानं आत्ताच उठा. आपलं काम एकच, पेशंट जिता पोचवाचा. बाकी शहानपना इथं चालत नाई."

मी उठले नाही. बारावीत मार्क पडले असते तर तुझ्यासमोर बसलेच नसते, बाबा.

३ ऑगस्ट

खोलीवाली माणिकबाई म्हणते, अंडंसुद्धा आणायचं नाही. बरं बाई. तुझी वांग्याची भाजी खाऊनच मी लोकांचे जीव वाचवते.

ही वही मराठीत लिहिते आहे, कारण अम्मीला फक्त उर्दू वाचता येतं आणि जुबेरभाईला काहीच वाचायचं नसतं. अब्बा मराठी वाचतात, पण बिलापुरतीच.

अब्बांचं बोलणं ठरलेलं आहे — "छे महिने दिये. पास हुई तो नौकरी कर. नहीं तो दुकान." दुकान म्हणजे आमचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, अकोटच्या बाजारात. नापास झाले की परत तोच काउंटर, तेच नरसाळं, हाताला तोच वास. साबणाने जात नाही तो. सातवीपासून वर्गातल्या मुली माझ्या शेजारी बसायच्या नाहीत. नाही! परत नाही जायचं!

पास व्हायला लेखी परीक्षा आहे, आणि रुग्णवाहिकेच्या वीस फेऱ्या. प्रत्येक फेरीवर सही कोणाची? त्याचीच.

९ ऑगस्ट

आज विषबाधा.

"पयला प्रश्न कोनता?" शेखर हात वर करून — नाडी. सुर्जी — श्वास. "ते तं आहेच. पन तोंडानं विचाराचा पयला प्रश्न, बाटली कुठं हाय? बाटलीवरचं नाव पाहून डॉक्टर औषध ठरवते. बाटली नाई आनली तं पेशंट अर्धाच आनला."

इथवर ठीक. मग त्याची गाडी घसरली. म्हणे काही दुकानदार मोकळं औषध विकतात. मोठ्या डब्यातून पावशेर काढून शरबताच्या बाटलीत, दारूच्या बाटलीत. नाव नाही, चिठ्ठी नाही. "असा दुकानदार धरून त्याच्याच नरड्यात ओतलं पाह्यजे!"

सगळे हसले. मीही हसले. खोलीवर येऊन स्वतःचाच राग आला.

याला काय माहीत आहे? दोन एकरवाला माणूस लिटरभर डबा घेऊन काय त्याची पूजा करणार? त्याला पावशेरच लागतं. आणि आमच्या दुकानात आंधळा कारभार नाही. बाटलीच्या गळ्याला दोरा असतो. लाल दोरा म्हणजे किडीचं औषध, निळा दोरा म्हणजे तणाचं. फवारणीवाल्या मजुरांना वाचता येत नाही, पण रंग तर कळतो! ही युक्ती माझी. सातवीत असताना काढलेली. अब्बांनी तेव्हा गिऱ्हाइकांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. दहा वर्षांत एकदाही चूक नाही. आहे का असलं काही तुमच्या कोर्समध्ये, पंजाबराव?

दुकानाचं कोणालाच सांगितलेलं नाही. वडील काय करतात, तर व्यापार.

१७ ऑगस्ट

ऑक्सिजन. सिलिंडर उघडणं, मास्क लावणं, बोटाला चिमटा लावून आकडा वाचणं. माझा हात सगळ्यात आधी बसला. शेखरने मास्क उलटा लावला. फार बरं वाटलं.

"धाप लागली, ऑक्सिजन. छातीत दुखते अन् आकडा कमी हाय, ऑक्सिजन. फक्त एक जागा ध्यानात ठेवा." तणाचं एक औषध आहे, ते पोटात गेलं तर ऑक्सिजन म्हणजे आगीत रॉकेल. फुफ्फुसं आतून जळतात, आणि ऑक्सिजनने जास्तच जळतात. आकडा अगदीच खाली गेल्याशिवाय लावायचा नाही. आणि हे औषध मोठं दगलबाज. पहिल्या दिवशी उलटी, मग तोंड सोलतं, मग दोन-चार दिवस माणूस बोलतो, जेवतो, घरचे पेढे वाटतात. त्यानंतर धाप सुरू होते. "मंग कोनाच्या बापाच्यानं काई होत नाई. मी पाह्यले हायेत. मोजाचे बंद केले."

हे म्हणताना त्याचा आवाज पाच फुटांचाच झाला होता. नाटकी माणूस.

२२ ऑगस्ट

काल पोळा झाला. आज वर्ग अर्धा रिकामा, आणि त्याचा राग माझ्यावर!

विचारलं, साप चावलेल्या पायाचं काय करायचं? मी म्हटलं, वरून घट्ट बांधायचं. "चूक." मग म्हटलं, सैल बांधायचं. "चूक. पाय हालू द्याचा नाई, बस. अकोट, तुले एक सांगू? माहीत नसलं की तू अंदाज मारते. अन् अंदाज भल्ला जोरात मारते. माहीत नाई म्हनाले तुह्या जिभेले काटे टोचतात का वं?"

सगळ्यांसमोर. आणि "म्हन" म्हणाला. "मले माहीत नाई, सर. म्हन."

म्हटलं नाही. उभी राहिले तास संपेपर्यंत.

३ सप्टेंबर. अकोट

काल ईद. दोन दिवसांची सुटी घेऊन घरी आले.

रईसाभाभीने माझ्या खोलीचं शिवणघर केलंय. मशीन माझ्या पलंगाच्या जागी. माझ्या दोऱ्याच्या रिळांचा डबाही तिच्याच ताब्यात! म्हटलं, भाभी, ते रीळ दुकानाचे आहेत. "दुकान का क्या, मेरा क्या," म्हणे. तिच्या पोरीचा नवा फ्रॉक दाखवला. छान आहे. मी छान म्हटलं नाही.

जुबेरभाई गल्ल्यावर. बाटल्या भरायलाही तोच. विचारलं, धागा बराबर बांधते ना? "हां हां, बांधरा ना मैं. तू जा के डॉक्टर बन." आणि हसला. लहानपणापासून याला दोऱ्याचं हसूच येतं. कारण ती युक्ती त्याला सुचली नव्हती.

अब्बा म्हणाले, हात को बास नहीं आता अब. माझा हात त्यांनी नाकाजवळ धरला होता.

८ सप्टेंबर. अंजनगाव सुर्जी

रुग्णवाहिकेवर नेमणूक झाली. अंजनगावात गाडी उभी असते. ड्रायव्हर, मी, आणि माझ्या नशिबाने पंजाबराव सर!

गाडी रिकामी असली की गावोगावी जाऊन पारावर भाषणं ठोकतो. "औषध पोटात गेलं तं मिठाचं पानी पाजू नका, उलटी करवू नका. अन् बाटली आना! काईबी विसरा, बाटली विसरू नका!" बाया पदर तोंडाला लावून हसतात. त्याला वाटतं, त्यांना पटतंय.

१५ सप्टेंबर

सहा फेऱ्या. चार बाळंतपणं, एक मोटरसायकलवाला, एक बैलाने ढुशी दिलेला. सह्या तीनच. "बाकी तीन फेऱ्यांत तू फक्त बसली होती." बसली होती!! बाळंतिणीच्या सासूने माझ्या मनगटावर नखं रुतवली, ते कोण बसलं होतं?

२० सप्टेंबर

शेखरच्या वीसही सह्या झाल्या. त्याच्या गाडीवर दुसरे सर आहेत. माझ्या अकरा. बुडाखाली आग लागल्यासारखं होतं आहे.

२६ सप्टेंबर, मंगळवार

लिहिते. सगळं लिहिते. 

सकाळी अकराला फोन आला. अकोट रस्त्याला गाव आहे, तिथली रुख्मिणी. तिशीतली बाई. कपाशीत निंदायला गेली होती, बांधावर झाडाखाली हिरवी बाटली दिसली. तहान लागलेली. नवऱ्याने पाणी ठेवलं असेल म्हणून तोंडाला लावली. एक घोट आत गेला, बाकीचं थुंकली.

पोचलो तर ती ओट्यावर उन्हात बसलेली. उलटी होऊन गेली होती. तोंडातून लाळ गळत होती आणि पदराने पुसत होती. शुद्धीवर. सरांनी पहिला प्रश्न विचारला, तोच, ठरलेला.

सासू मनकर्णाबाई पुढे आली. मोठ्या मानाने बाटली सरांच्या हातात ठेवली. चकचकीत! आतून-बाहेरून धुतलेली! राखेने घासून, चार पाण्यांनी!

"हे काय केलं, बाई?"

"तुमीच तं म्हनत होते बापा, बाटली आना म्हून. मंग खरकटी बाटली कशी देऊ डॉक्टरच्या हाती?"

मला हसू आवरेना. ये पारावर भाषणं ठोकायला! सरांनी बाटली नाकाला लावली, पुन्हा लावली. राखेचा वास. रंग कसा होता? "बाटलीच हिरवी, काय दिसन?" कोणतं औषध होतं? "औषध होतं, दुसरं काय! फवाऱ्याचं." नवरा सकाळीच शेतातून परगावी मजुरीला गेलेला, फोन लागेना.

आणि मी पाहिलं. बाटलीच्या गळ्याला दोरा. लाल. दोन वेढे आणि आडवी गाठ. राखेने घासूनही निघाला नव्हता, कारण ती गाठ निघतच नाही. मीच शिकवली आहे सगळ्यांना.

रुख्मिणीला गाडीत घेतलं. मी मास्क हातात घेतला तर सर म्हणाले, "थांब. बोटावर सत्त्यान्नव हाय. नाव कळेपर्यंत ऑक्सिजन नाई."

"सर, किडीचं औषध आहे. लाळ गळते, बाहुल्या बारीक झाल्यात."

"उन्हात तुही बी बाहुली बारीकच दिसन. किडीच्या औषधाचा घाम कुठं हाय? छातीत घरघर कुठं हाय? नाडी मंद पाह्यजे, हे तं पयते. माहीत नसन तं…"

"मले माहीत हाय!"

ओरडलेच मी. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. मग सगळं सांगितलं, एका दमात. अकोटचं दुकान, मोकळं औषध, लाल दोरा, निळा दोरा. हे बाटलीवरचं नावच आहे, सर. तुम्हाला वाचता येत नाही, मला येतं. दहा वर्षांत एक चूक नाही.

आता हा माझ्या नरड्यात ओतणार, असं वाटलं. ओतलं नाही. बराच वेळ बाटली फिरवत बसला. "तुह्या बापाचं दुकान?" हो. "हे गाठ तुमचीच?" आमचीच. "पक्कं?"

पक्कं.

"मंग लाव."

पूर्ण उघडला. अमरावतीपर्यंत दीड तास, सिलिंडर जवळजवळ संपवला. आकडा शंभर! रुख्मिणी मास्कमधून माझ्याकडे पाहत होती, मी तिचा हात धरून ठेवला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशावरून किडीचं? मला वाटलं, आता दुकानाचं नाव निघणार. सर मध्येच म्हणाले, "पोरगी त्याच धंद्यातली हाय, डॉक्टर. तिनं बाटली वयखली. माह्यी जबाबदारी." दुकानाचं नाव नाही काढलं.

परत येताना फेऱ्यांच्या वहीवर सही केली. न मागता. "आज तू नसती तं मी अंधारातच चाललो होतो, यास्मीन."

यास्मीन! दोन महिने माहीत होतं तर!

२७ सप्टेंबर

पेपरसाठी अमरावतीला आले आहे. वॉर्डात जाऊन आले. रुख्मिणी उठून बसली आहे. मला ओळखलं. "हेच पोरगी," म्हणून शेजारच्या खाटेवाल्यांना दाखवत होती. मनकर्णाबाईने मूठभर फुटाणे दिले. खाल्ले तिथेच उभं राहून.

शेखर म्हणतो, नशीब. मर तू, तिवसा.

२९ सप्टेंबर

राहिलेल्या सगळ्या फेऱ्यांवर सह्या! आधीच्या, "बसली होती" वाल्यांवरसुद्धा. "चुकलंच माह्यं," म्हणाले. हा माणूस असं म्हणू शकतो, हेच मला पटेना. दोन महिने ज्याचा इतका राग केला, त्याने एका वाक्यात रागच काढून घेतला. आता मी काय करू?

लेखीचा पहिला पेपरही झाला. सोपा होता.

संध्याकाळी वॉर्डात. रुख्मिणीने वरण-भात निम्मा ठेवला. तोंड आलंय, गिळवत नाही म्हणाली. जीभ लालभडक, ओठ सोललेले. मनकर्णाबाईने त्या दिवशी मिठाचं पाणी पाजलंच होतं, चोरून. कबूल केलं आज. त्यानेच झालं असणार. झापलं मी तिला चांगलं. सरांसारखं!

३० सप्टेंबर

दसरा. सरांनी सोनं दिलं, सगळ्यांत आधी मला. "तुह्या बापाले सांग, मोकळं विकनं बंद करा. पन दोऱ्याची अक्कल कोनाची, ते बी विचार." माझीच, म्हटलं. "वाटलंच मले." आपट्याची पानं या वहीत ठेवली आहेत.

१ ऑक्टोबर

वॉर्डात गेले तर रुख्मिणी उशांना टेकून बसलेली. "चढ चढल्यावानी होते वं, पडल्या पडल्या." रात्रीपासून पुन्हा मास्क लावलाय. आकडा अठ्ठ्याऐंशी.

दवाखान्यातली हवाच तशी. एका खोलीत वीस खाटा आणि खाली तितकेच नातेवाईक. सर्दी झाली असेल.

सर्दीच असेल.

सरांची आठवण झाली, ऑक्सिजनच्या तासाला आवाज बारीक झाला होता ती. उगीच. आपल्याला तर माहीत आहे. लाल होता. मी या डोळ्यांनी पाहिला, लाल होता!

२ ऑक्टोबर, सकाळी

जुबेरभाईला फोन केला. नुसतं विचारायला.

हसला. "कौनसा नीला? नीला रीळ तो भाभी ने ईद के पहलेच फ्रॉक में लगा दिया. तब से सबकू लालच बांधरा मैं. क्या फरक पडता?"

पंजाबराव सरांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला, यास्मीन म्याडम!"